दोन्या मेलिंदाचा पुठ्ठा

“पुठ्ठे उचला! एकसुद्धा दिसता कामा नये!” इंजिनिअर विल्मेर सकाळपासून ओरडत होता. केळी विकत घेणारे पाहुणे यायचे होते. त्यांच्यासाठी उलुआ नदीकाठच्या आमच्या शेडची जमीन हिरव्यागार, चकचकीत तेलरंगाने रंगवली होती.

केळी धुण्याच्या हौदावर आम्ही बायका दिवसभर उभ्या असतो. पाणी सांडतं, त्यात केळीचा चीक, आणि बांधणाऱ्याने मोरीचं तोंड नेमकं चढाच्या बाजूला ठेवलेलं. मग पाणी जाणार कुठे? आमच्या पायांखाली. घसरू नये म्हणून आम्ही फाटक्या खोक्यांचे पुठ्ठे अंथरतो. आता त्यावर हा रंग! कोणी अकलेचे दिवे पाजळले होते कोण जाणे.

माझ्या शेजारी उभी राहून केळी धुणारी मेलिंदा याच हौदापाशी एकदा पडली होती; वयाचा मान म्हणून सगळे तिला ‘दोन्या’, म्हणजे बाई, म्हणतात. खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा पडलात तर उठणार नाही, असं डॉक्टरने बजावलेलं. घरात कमावणारी ती एकटीच. मोरी खाली घ्या, म्हणून ती वर्षानुवर्षं घसा कोरडा करत होती. मिळालं काय? एकदा भाषण, एकदा भिंतीवर चित्र, आणि ‘जमीन ओली आहे’ अशी एक पिवळी पाटी. ती मळू नये म्हणून ऑफिसात ठेवतात.

“इंजिनिअर, माझा तेवढा राहू दे रे,” दोन्या मेलिंदा म्हणाली.

“दोन्या, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. हलू नका म्हणजे झालं.”

“पोरा, न हलता केळी धुवायची विद्या तुझ्या कॉलेजात शिकवतात का?”

आम्ही फिदीफिदी हसलो. त्याने पुठ्ठा ओढून नेलाच.

पाहुणे आले. जमीन बघून खूश झाले, फोटो काढले. दोन्या मेलिंदा हौदाची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती. केळीच्या फण्या तिच्यासमोरून तरंगत माझ्याकडे येत होत्या आणि मी दोघींचं काम उपसत होते.

“या बाई काम का करत नाहीत?” एका पाहुण्याने विचारलं.

“वय झालंय,” विल्मेर हळूच म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलली ती.

“वय नाही, साहेब. इकडे या. माझ्याजवळ उभे राहा, म्हणजे कळेल.”

पाहुणा खरंच निघाला. विल्मेरने झडप घालून त्याचा दंड धरला.

“इकडून नको साहेब, घसराल!”

सगळ्या बायकांचे हात थांबले. विल्मेरचा चेहरा लाल झाला, पण दंड त्याने सोडला नाही. पाहुण्याला तसाच धरून कोरड्या बाजूने जपून जपून नेलं.

“बघ नोल्विया,” दोन्या मेलिंदा मला म्हणाली, “धरता येतो त्याला हात.”

सोमवारी तिला फाटकावरूनच परत पाठवलं. आता तब्येतीला जपा, म्हणाले.

मोरी अजून चढावरच आहे. रंगाचे पोपडे निघाले, पुठ्ठे परत आले. तिच्या जागी कोणाला घेतलेलं नाही, दोघींचं काम माझ्याच गळ्यात पडलंय. मी सकाळी माझा पुठ्ठा अंथरते आणि शेजारी तिचा. संध्याकाळपर्यंत माझ्या पुठ्ठ्याचा लगदा होतो. तिचाही भिजलेला असतो, पण फाटलेला नसतो.