ठकीच्या नोकरीची पाहणी

"खुर्ची काही खास नाही," बाबा म्हणाले. त्यांनी मागे रेलून पाहिलं, हातांवर जोर देऊन पाहिलं, खाली वाकून खुर्चीचे पायही तपासले. "पाठीला टेकू नाही. दिवसभर बसलीस तर कंबरडं मोडेल."

"बाबा, उठा ना! ती माझी जागा नाही, आणि ज्याची आहे तो तुमच्यामागे उभा आहे."

मागे काळा गॉगल लावलेला एक तरुण उभा होता. बाबा मुळीच ओशाळले नाहीत. "बसा, बसा," असं म्हणून त्यांनी जणू स्वतःच्या घरातली खुर्ची पाहुण्याला द्यावी तशी ती त्याला दिली आणि दोरीपलीकडच्या प्रेक्षकांत जाऊन बसले.

ठकीला हसू आवरत नव्हतं. पोकरच्या एवढ्या मोठ्या स्पर्धेत शेकडो लोक उतरले होते, त्यातले आता नऊ उरले होते, आणि त्या नवांत ती होती. सकाळचं ऊन हॉटेलच्या उंच खिडक्यांतून थेट हिरव्या टेबलावर पडलं होतं. हात थरथरताहेत हे कुणाला दिसू नये म्हणून तिने ते मांडीखाली दाबून ठेवले होते.

ती विमा कंपनीत होती. कोणत्या वयाची माणसं किती आजारी पडतात, कुठली गाडी कधी ठोकली जाते, याचा अंदाज बांधून हप्ते ठरवायचे, हे तिचं काम. थोडक्यात काय, लोकांच्या नशिबाचा हिशेब करायची आणि पगार घ्यायची. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी क्लबात जाऊन पोकर खेळायची. तीन वर्षं खेळत होती. तासामागे कमाई काढली तर पत्ते पगाराच्या दीडपट देत होते. या स्पर्धेची भलीमोठी प्रवेश फीसुद्धा तिला भरावी लागली नव्हती. एका छोट्या स्पर्धेत पहिली आली म्हणून जागा फुकटात मिळाली होती.

आणि नेमक्या याच आठवड्यात साहेबीणबाईंनी तिला विभागप्रमुखाची जागा देऊ केली. उत्तर सोमवारी द्यायचं होतं, आणि ठकीला तर नोकरीच सोडून पूर्ण वेळ पोकर खेळावंसं वाटत होतं.

घरी त्यावर जी बैठक बसली, तिला बैठक म्हणण्यापेक्षा झुंज म्हणणं बरं. ताई दातांची डॉक्टर. ती म्हणाली, "माझ्या दवाखान्याचं कर्ज फिटायला आठ वर्षं लागली, कबूल. पण आज माझा हात पहिल्यापेक्षा चांगला चालतो आणि पेशंट माझं नाव विचारत येतात. तुझ्या धंद्यात जुनं झाल्यावर कोण विचारतं? उलट नवी पोरं रोज जास्त हुशार होऊन येतात."

"आणि तुझा हात मोडला तर?" ठकीने विचारलं.

"विमा आहे. तुमच्याच कंपनीचा!"

आईने शिलाई मशिनवरून मान वर न करता एवढंच सांगितलं, "मी माणसांना सांगायचं काय? धाकटी काय करते? तर पत्ते कुटते."

ठकीने दोन्ही बाजूंचं गणित मांडून पाहिलं होतं. नोकरीत पगार दरवर्षी वाढतो, रजा मिळते, आजारपणाचा खर्च निघतो, म्हातारपणी निवृत्तिवेतन. पोकरमध्ये यातलं काही नाही. शिवाय दीडपट हा आकडा जेमतेम तीन वर्षांच्या संध्याकाळींवरचा. एवढ्या माहितीवर तिने ऑफिसात सायकलचासुद्धा विमा उतरवला नसता. तीस वर्षांचा विचार केला की पारडं नोकरीकडे झुकायचं. फार नाही, पण झुकायचं. आणि तरी पत्ते हातात आले की तिच्या अंगात जी वीज खेळायची ती त्या गणितात कुठेच बसत नव्हती.

बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. जन्मभर बंदरावर क्रेन चालवलेला माणूस. मोठमोठे खोके उंच उचलायचे आणि अलगद ठेवायचे, त्यामुळे घाईचं त्यांना वावडं होतं. ते म्हणाले, "जागा पाहिल्याशिवाय नोकरीला हो म्हणू नये. ताईच्या दवाखान्यात मी आधी जाऊन आलो होतो. इथेही येतो."

आणि ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून, बूट पुसून.

खेळ सुरू झाला. पहिल्या दोन तासांत तिघं बाहेर गेले. त्यातला एक टोपीवाला, पन्नाशीचा, वीस वर्षं फक्त पोकरवर घर चालवणारा. तो हरला, सगळ्यांशी हात मिळवून उठला आणि बाबांच्या शेजारच्याच खुर्चीवर येऊन बसला. मधल्या सुटीत ठकी पाणी प्यायला आली तेव्हा बाबांनी त्याची पुरती उलटतपासणी चालवली होती.

"रजा किती?"

"हवी तेवढी, काका. पण रजेत कमाई शून्य."

"आणि निवृत्तिवेतन?"

टोपीवाला हसला. "सलग दोन वर्षं मी नुसता हरत होतो. तेव्हा दिवसा घरोघर पार्सलं पोचवली, म्हणून चूल पेटली. आज जिंकलो असतो तरी निम्मे पैसे माझे नव्हतेच. प्रवेश फी ज्यांनी भरली त्यांचे."

"मग सोडत का नाही?"

त्याने टेबलाकडे पाहिलं. "मुलगी शिकली माझी. बायकोला घर घेऊन दिलं. सगळं यातूनच. पण माझ्याबरोबर सुरू केलेले बरेच जण आता कुठे आहेत, मला माहीत नाही. तुमच्या मुलीला हे सांगा."

"ती इथेच आहे, तूच सांग," बाबा म्हणाले.

टोपीवाल्याने ठकीकडे निरखून पाहिलं. "तू चांगली खेळतेस. पण चांगले खेळणारेच जास्त दिवस फसतात, कारण त्यांना लवकर कळत नाही आपण हरतोय की नशीब रुसलंय."

घंटा झाली. ठकी परत गेली, पण ते वाक्य तिच्या मानगुटीवरच बसलं. तिने ते मोठ्या कष्टाने झटकलं.

दुपारपर्यंत तिघं उरले. गॉगलवाल्यासमोर पैशांच्या जागी लावायच्या चकत्यांचा डोंगर, ठकीसमोर टेकडी. मग तो डाव आला.

ठकीच्या हातात दोन अठ्ठ्या. टेबलावर उघडणारे पाच पत्ते दोघांनाही सामाईक, आणि त्यातले आधी तीन उघडले: बदामाचा राजा, इस्पिकची नव्वी, बदामाची तिर्री. मग किलवरची दुर्री. शेवटी इस्पिकचा गुलाम. गॉगलवाल्याने क्षणाचाही विचार न करता सगळा डोंगर पुढे ढकलला.

हो म्हणायचं तर ठकीला सर्वस्व लावावं लागणार होतं. राजा, गुलाम, नव्वी, यातलं एक जरी पान त्याच्याकडे असलं तर त्याची जोडी मोठी आणि अठ्ठ्यांची मातीमोल. पत्ते टाकून दिले तर टेकडी शाबूत राहणार होती आणि तिसऱ्या नंबरचं बक्षीस तर पक्कंच होतं.

तिचं डोकं, नवल म्हणजे, स्वच्छ होतं. सकाळपासून याच्याकडे चांगले पत्ते असले की तो थोडे थोडे पैसे लावून समोरच्याला गोडीगुलाबीने पुढे ओढायचा. राजा असता तर आताही तेच केलं असतं. मग ही दणदणीत उडी कशासाठी? मी पळून जावं म्हणून. पाच बदाम जुळवायला बदामाचं आणखी एक पान येईल म्हणून तो वाट बघत बसला होता आणि ते आलंच नाही.

"लावले," ठकी म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला दुसऱ्याचा वाटला.

गॉगलवाल्याने सुस्कारा सोडून पत्ते उलटे केले. बदामाची दश्शी, बदामाची सत्ती. हातात भोपळा!

हॉल दणाणला. आणि त्या सगळ्या आवाजांच्या वर एक आवाज: "घेतला! घेतला गं पोरी!" बाबा खुर्चीवर उभे होते. कधी मुलीच्या लग्नातही न नाचलेला माणूस दोन्ही हात वर करून नाचत होता आणि टोपीवाल्याने त्यांना कमरेला धरून ठेवलं होतं, नाहीतर ते दोरी ओलांडून टेबलावरच आले असते.

संध्याकाळी ती आणि गॉगलवाला दोघंच उरले. शेवटच्या डावात दोघांनीही सगळं लावलं. तिच्याकडे एक्का आणि राणी, त्याच्याकडे एक्का आणि दश्शी. दहातल्या सात वेळा असा डाव तिचाच. आज टेबलावरचं शेवटचं पान दश्शी निघालं आणि जोडी त्याची जुळली.

ती दुसरी आली. बक्षीस होतं तिच्या सहा वर्षांच्या पगाराएवढं.

बाहेर पायऱ्यांवर बाबांनी तिला कडकडून मिठी मारली. त्यांचा इस्त्रीचा शर्ट घामाने भिजला होता. "सोमवारी जाऊन राजीनामा टाक. काय ठेवलंय त्या ऑफिसात? सहा वर्षांचं काम एका दिवसात! आणि ऐक, माझा फंडाचा पैसा नुसता बँकेत पडून आहे. तोही घे. मोठ्या मोठ्या स्पर्धांत उतर. फी मी भरतो, निम्मं माझं. तो टोपीवाला म्हणतो तसंच करतात सगळे."

ठकी दिवसभर उकळत होती, ती या एका वाक्याने थंड पडली. अख्ख्या घरात ज्याच्या सावधपणाला सगळे हसत आले, तो माणूस तिच्यासमोर डोळे चमकवत उभा होता आणि म्हातारपणाची पुंजी तिच्या ओंजळीत ओतायला निघाला होता. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, क्षणभर तिला ती हवीशीही वाटली.

"बाबा, खाली बसा," ती म्हणाली. दोघं पायरीवर बसले. "अठ्ठ्यांचा तो डाव आठवतोय? त्याच्याकडे राजा असता तर?"

"पण नव्हता ना!"

"मला तसं वाटलं होतं. माहीत नव्हतं. असे अंदाज माझे कितीदा चुकलेत, ते तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही माझ्या नोकरीचा नेमका पगाराचा दिवस पाहिलात, बाबा. रोजचं काम नाही पाहिलं. फंडाला हात लावायचा नाही. तुम्ही दिलात तरी मी घेणार नाही, आणि पुन्हा हे बोललात तर आईला सांगेन."

शेवटच्या धमकीने काम केलं. बाबा हळूच म्हणाले, "मग आज आनंद करायचा नाही का?"

"करायचा की! चांगला गाव गोळा होईपर्यंत करायचा. चला, ताईला फोन लावू. तिची जिरवायचीये."

सोमवारी ती साहेबीणबाईंच्या केबिनमध्ये उभी राहिली. रविवारभर तिने आणखी एक गणित केलं होतं. तीस वर्षांचं पारडं अजून नोकरीकडेच झुकत होतं. एका बक्षिसाने ते बदलत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! बदललं होतं ते वेगळंच. आता दोन वर्षं सपशेल हरली तरी ती कुणाच्या दारात उभी राहणार नव्हती. घरखर्च बाजूला काढून खेळायला पुरेसं उरत होतं.

"जागा नको म्हणतेस?" साहेबीणबाईंनी चष्मा काढला. "गणित केलंस?"

"केलं. नोकरी पुढे आहे."

"आणि तरी?"

"तरी. थोडक्याच फरकाने पुढे आहे, आणि तेवढा फरक सोसायची आज ऐपत आहे. दोन वर्षं. नाही जमलं तर परत येईन. प्रमुख म्हणून नको, असेल ती खुर्ची चालेल."

साहेबीणबाई एकदम खो-खो हसल्या. "मी तुझ्या वयाची असताना मला विमान चालवायचं होतं. आईने विचारलं, पगार किती? मला सांगता आलं नाही. तू निदान सांगतेस तरी. जागा राखून ठेवणार नाही, पण आलीस तर दारातून परतही पाठवणार नाही. जा!"

ठकी दोन-दोन पायऱ्या करत खाली उतरली.

पहिलं वर्ष तिला चांगलंच महागात पडलं. सलग सात महिने हरली, टोपीवाल्याचं ते वाक्य रोज मानगुटीवर, आणि एका दुपारी तर तिने साहेबीणबाईंचा नंबरही काढला होता. लावला मात्र नाही. त्याऐवजी टोपीवाल्याला गाठलं आणि स्वतःचे हरलेले डाव त्याच्यासमोर मांडले. त्याने चुका दाखवल्या. निम्म्या खऱ्या होत्या, निम्मं नुसतं नशीब. दुसऱ्या वर्षी गाडी रुळावर आली. दोन वर्षांची सगळी बेरीज विभागप्रमुखाच्या पगाराशी लावून पाहिली तर ती थोडी कमीच भरली.

"म्हणजे माझंच खरं झालं," ताई म्हणाली.

"शंभर टक्के," ठकी म्हणाली.

"मग आता परत जाणार ना?"

ठकी बॅग भरत होती. दुपारच्या गाडीने तिला दुसऱ्या शहरात पोचायचं होतं. तिथे आठवडाभराची स्पर्धा होती आणि या खेपेची प्रवेश फी तिने स्वतःच्या कमाईतून भरली होती. आई मशिनवरून उठून आली आणि तिने, पहिल्यांदाच, बॅगेत एक नवा शिवलेला कुर्ता ठेवला.

"माणसं विचारतात," आई म्हणाली, "धाकटी काय करते म्हणून. मी सांगते, पोकर खेळते. मग ती विचारतात, त्यात मिळतं का? मी म्हणते, तिच्या बहिणीइतकं नाही. पण घरी येते तेव्हा तिचं तोंड बघा."

ठकीने आईच्या गळ्यात हात टाकले. खाली बाबा आधीच टॅक्सी थांबवून, ड्रायव्हरला अठ्ठ्यांचा डाव पहिल्या पानापासून समजावून सांगत होते. ठकीने बॅग उचलली. तिचे हात पुन्हा थरथरत होते, आणि आता ते लपवावेत असंही तिला वाटत नव्हतं.