आडवा ओंडका

आमच्या गावात माणसाला त्याचं वजन विचारा, बायकोशी शेवटचं भांडण कशावरून झालं ते विचारा, तो सांगेल. फक्त जंगलात तंबू कुठे टाकतोस, हे विचारू नका. लगेच कॉफीच्या कपात बघायला लागतो.

आता जंगल काय कोणाच्या बापाचं आहे? सरकारी आहे, म्हणजे सगळ्यांचं. ओचोकोच्या डोंगरात कच्च्या रस्त्याच्या कडेला मोकळी जागा दिसली की तंबू ठोका, दोन आठवडे राहा, कोणी हटकत नाही. नळ नाही, संडास नाही, नंबराची पाटी नाही. आधी येईल त्याची जागा. म्हणूनच तर सगळी भानगड. जवळ झरा, सपाट जमीन, सकाळचं ऊन आणि शेजारी जनरेटर लावून टीव्ही बघणारं कोणी नाही, अशी जागा मिळायला नशीब लागतं, आणि टिकवायला माझ्या नवऱ्यासारखा खोटारडा लागतो.

माझा नवरा ऑर्वल. घरात स्वतःचे मोजे सापडत नाहीत, पण जंगलातून निघताना बघा याची टापटीप! चुलीचे दगड उचलून काळी बाजू खाली करून लांब लांब टाकणार. राखेवर पाणी ओतून ती पुरणार. मग दाताळ्याने पाइनच्या वाळक्या सुया सारख्या पसरणार. घरून दाताळं नेतो हो, जंगल झाडायला! आणि शेवटी वाटेच्या तोंडाशी एक वाळका ओंडका ओढून आडवा टाकणार, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं इथे वाट नाहीच. नकाशावर खूण नाही, फोनमध्ये नाही. मला, लग्नाच्या बायकोला नेतानासुद्धा दर वेळी वेगळ्या फाट्याने गरगर फिरवून नेतो. एकदा मी म्हटलं, "ऑर्वल, मी कोणाला सांगणार आहे रे?" तर म्हणे, "तू झोपेत बडबडतेस, ट्वायला."

वर्लिन हा त्याचा जिवलग मित्र. लाकूड कापायच्या गिरणीत दोघं एकत्र होते, आता दोघंही घरी बसलेत. सकाळी एकाच टेबलावर नाश्ता करतात आणि एकमेकांची उणीदुणी काढतात. वर्लिनने तरुणपणी एकदा विचारलं, "जागा कुठाय रे तुझी?" ऑर्वलने बिनदिक्कत सांगितलं, रस्त्यात गुरं अडवायला टाकलेली लोखंडी जाळी ओलांडली की डावीकडे. वर्लिन गेला डावीकडे. पिकअप दलदलीत बसली ती दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. तेव्हापासून वर्लिन दर वर्षी विचारतो, ऑर्वल दर वर्षी नवीन थाप मारतो, आणि परत आल्यावर वर्लिन म्हणतो, "छान होती रे तुझी जागा, डास फारच प्रेमळ." ऑर्वल हसून हसून लाल होतो.

हे सगळं मी आजवर चालवून घेतलं. पण यंदा त्यात पेनी सापडली.

पेनी आमची कुत्री. तांबडी, म्हातारी, एका कानाने बहिरी. आमची मुलं आपापल्या घरी गेल्यावर ऑर्वल जेवढं तिच्याशी बोलला असेल तेवढं माझ्याशी बोलला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण ती ऐकायची. एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी तो तिला घेऊन जागेवर गेला. मी दाढ काढलेली, गाल फुगवून घरी बसले होते. दुपारी वीज कडाडली आणि पेनी बिथरून पळाली. ऑर्वलने हाका मारून घसा बसवला. अन्न संपलं, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, तेव्हा कुठे तो घरी आला. दारात उभा राहिला तो आतच येईना. मी त्याला असा कधी बघितला नव्हता.

आमच्याकडे शिकारी लोकांची एक रीत आहे. कुत्रं जंगलात हरवलं की जिथून गेलं तिथेच आपला अंगातला शर्ट जमिनीवर टाकायचा, पाण्याचं भांडं ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. कुत्रं वासावर येतं आणि शर्टावर पडून राहतं. ऑर्वलने ते केलं होतं. नुसत्या गंजीवर घरी आला होता.

मी म्हटलं, "वर्लिनला बोलाव. त्याच्याइतकं जंगल कोणाला कळतं?"

"नको."

"अरे, का नको?"

"मग त्याला जागा कळेल ना!"

मी कपाळाला हात लावला. कुत्री जंगलात, आणि याला जागेची पडलीय! तो आंघोळीला गेला तेव्हा मीच गुपचूप वर्लिनला फोन केला. "वर्लिन, पेनी हरवलीय."

"कुठे?"

"त्याच्या त्या मेल्या जागेवर. वीज पडली आणि पळाली."

"हं," म्हणाला आणि फोन ठेवून दिला. सकाळी परत लावला तर उचललाच नाही. म्हटलं, वा रे मित्र! कामापुरता मामा नि ताकापुरती आजी. गरज आमची होती तेव्हा गायब.

सकाळी आम्ही निघालो. रात्री वारा पिसाळला होता. वनखात्याची माणसं आमच्या आधीच येऊन रस्त्यावर पडलेली झाडं करवतीने कापून बाजूला करून गेली होती. ऑर्वलने गाडी हळू केली. मग आणखी हळू केली. मग थांबवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"तो झुकलेला पाइन होता ना इथे."

"मग?"

"तो नाहीये."

नसणारच! तो कापून त्याचे ओंडके केले होते. आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना जिथे बघावं तिथे ओंडकेच ओंडके, सगळे आडवे. आमच्या साहेबांचा ओंडका त्यातला कुठला, ते त्यांनाच कळेना.

"थांब," मी म्हटलं. "तू निघताना वाट बंद करून आलास? पेनी आत हरवलेली असताना?"

"हाताला सवय आहे गं."

"आणि दाताळं?"

तो स्टिअरिंगवरची धूळ पुसायला लागला. म्हणजे दाताळंही फिरवलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी माझ्या डोळ्यांनी स्टिअरिंग धरून बसलेला पाहिला.

मग सुरू झाली आमची वरात. दिसेल त्या वाटेने आत शिरायचं. पहिल्या ठिकाणी एक रिकामा ट्रेलर, हंगामासाठी कोणीतरी जागा अडवून ठेवलेली. दुसऱ्या ठिकाणी एक जोडपं खुर्च्या टाकून बसलेलं. त्यांनी आम्हाला बघितलं आणि दोघंही उठून उभी राहिली, जणू आम्ही त्यांचा झरा खिशात घालून नेणार होतो. मी काच खाली करून ओरडले, "कुत्री! तांबडी कुत्री बघितलीत का?" तेव्हा कुठे ती बसली. त्यांनी बघितली नव्हती. तिसऱ्या वाटेवर बाटल्या आणि भिजकी गादी. चौथी वाट वाट नव्हतीच, एल्कची पायवाट होती, आणि तिथून मागे येताना आरसा झाडाला लागून फुटला.

संध्याकाळी घरी, सकाळी परत. ऑर्वल मधूनच एखाद्या ओंडक्यापाशी उतरायचा, पाय लावून बघायचा, पलीकडे जाऊन हाक मारायचा. घसा बसलेला, हाक कसली, नुसती फसफस. "पेनी! ए पेनी!" मग येऊन बसायचा आणि समोर बघत राहायचा. बर्फ पडायला फार दिवस नव्हते, कोल्हे रोज ओरडत होते, आणि ती एका कानाने बहिरी. दोघांच्याही मनात तेच होतं. मला त्याची कीवही येत होती आणि त्याच्या मानेत दोन द्याव्यात असंही वाटत होतं.

दुपारी फाट्यावर वनखात्याची गाडी दिसली. आत एक तरुण रेंजर पोरगी होती, वेणी घातलेली. मी हात दाखवून थांबवलं आणि कुत्र्याचं सांगितलं. ती चांगली होती बिचारी, लगेच खाली उतरली आणि गाडीच्या पुढच्या पत्र्यावर नकाशा पसरला.

"कुत्रा हरवलाय का? नेमका कुठून गेला ते दाखवा काका, मी आमच्या माणसांना सांगते."

ऑर्वलने नकाशाकडे बघितलं. पोरीकडे बघितलं. बोट पुढे केलं आणि ठेवलं. कुठे? खिंडीच्या पलीकडे! ज्या डोंगरावर आम्ही जन्मात तंबू टाकला नाही तिथे. मला जागा सापडत नसली तरी डोंगर कळतो हो!

माझं डोकंच फिरलं. "ऑर्वल!" मी अशी ओरडले की दाढेचा टाका तुटला असता. "लाज नाही वाटत? तिकडे तुझी कुत्री तुझ्या घाणेरड्या शर्टावर जीव टाकून बसली असेल, आणि तू अजून थापा मारतोस? कोणाशी? या पोरीशी? ती काय चूल मांडणार आहे तुझ्या जागेवर? पेनी मेली तरी चालेल, पण जागा जगली पाहिजे, असंच ना? मग तिथेच पूर मलाही, आणि वरून दाताळं फिरव!"

पोरगी एक पाऊल मागे सरली.

ऑर्वलचं बोट नकाशावर तसंच होतं. मग ते हळूहळू खिंडीच्या अलीकडे आलं, ओढ्यावरून वर गेलं आणि एका ठिकाणी थांबलं. अख्ख्या आयुष्यात त्याने पहिल्यांदा ते कोणाला दाखवलं. "इथे," तो म्हणाला. "झऱ्यापाशी. पण मलाच सापडत नाहीये, पोरी."

"इथे?" पोरगी म्हणाली. "इथे तर एक आजोबा आहेत! काल ओंडक्यापाशी टायरच्या खुणा दिसल्या म्हणून मी आत चालत गेले. तांबडी कुत्री आहे त्यांच्याजवळ. मला वाटलं, त्यांचीच आहे. चला, दाखवते."

ती पुढे, आम्ही मागे. जिथे ती थांबली त्या ओंडक्यासमोरून आम्ही किती वेळा गेलो होतो ते मी सांगत नाही, मला अजून संताप येतो. ऑर्वल मात्र गाडी बंद न करताच उतरला आणि ओंडक्यावर पाय टाकून आत गेला. मी पोरीचे आभार मानले, किल्ली फिरवली आणि मागून धापा टाकत पोचले.

झाडाखाली वर्लिनची पिकअप. मागच्या फळीवर वर्लिन बसलेला, दाढी वाढलेली, एका हाताला रुमाल गुंडाळलेला. आणि त्याच्या पायाशी, ऑर्वलच्या चौकड्याच्या शर्टावर, आमची पेनी. तिचा पुढचा पंजा सुजून भोपळा झाला होता. ऑर्वलला बघून तिने उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तर शेपटीनेच सगळ्या सुया उडवल्या. ऑर्वल गुडघ्यांवर बसला आणि तिच्या मानेत तोंड घातलं.

मग आमचे हे महाशय तोंड वर काढतात आणि पहिलं वाक्य काय बोलतात? "तुला ही जागा कशी काय ठाऊक?"

"अरे, आधी त्याचे पाय धर!" मी म्हटलं.

वर्लिन म्हणाला, "त्या दलदलीपासून ठाऊक आहे. तू डावीकडे म्हणालास, म्हणून पुढच्या खेपेला उजवीकडे आलो. तुला थापसुद्धा धड मारता येत नाही रे, नेमकं उलटं सांगतोस. तू घरी गेलास की मी येतो दर वर्षी. दगड होते तसे टाकून जातो."

"आणि कधी बोलला नाहीस?"

"मला चिखलात पाठवून तुला केवढा आनंद व्हायचा. कशाला बोलू?"

ऑर्वल पेनीच्या अंगावरच्या सुया वेचायला लागला.

मी विचारलं, "पण हिला घेऊन का नाही आलास? आम्ही मेलो ना काळजीने!"

त्याने रुमालाचा हात वर केला. "उचलायला गेलो तर चावली. शर्ट सोडून हलेना. पाणी प्याली, पण खायची नाही, तुकडा शर्टावर ठेवला तरच खायची. फोन लागत नाही इथे, आणि तिचा पाय असा सुजलेला असताना तिला एकटी टाकून जाऊ कसा? कोल्ह्यांनी फाडली असती. म्हटलं, येईलच हा आज. तर हा येतोय कसला! कुठे मेला होतास रे?"

आता ऑर्वल काय बोलतो ते मी बघत होते. इथे कुठलीही थाप चालली असती. रस्ता बंद होता, गाडी बिघडली, ट्वायलाची दाढ. मी खोटं पाडलं नसतं.

"जागा सापडली नाही मला," तो म्हणाला. "माझीच जागा, वर्लिन."

वर्लिनला जन्मभर पुरेल असा टोमणा हातात आला होता. नाश्त्याच्या टेबलावर रोज वाढता आला असता. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "चूक माझी रे. आत आल्यावर ओंडका मी परत आडवा लावला. तू लावतोस तसाच. नाहीतर उघडी वाट दिसली असती तुला."

ऑर्वलने खिशातून चेपलेलं सँडविच काढून त्याच्या हातात ठेवलं. ते माझं होतं, पण मी काही बोलले नाही.

पेनीला शर्टासकट उचलून गाडीत माझ्या मांडीवर ठेवलं. वर्लिनने ओंडका सारून पिकअप बाहेर काढली, उतरला आणि सवयीने ओंडक्याकडे गेला.

"राहू दे रे," ऑर्वल म्हणाला.

"कोणीतरी शिरेल."

"शिरू दे."

मला खरंच भरून आलं. म्हटलं, सुधारला! उशिरा का होईना, सुधारला माणूस! दोघं तसेच वाटेच्या तोंडाशी उभे राहिले. आत बघत होते, झऱ्याकडे. पेनीचा पाय गरम लागत होता, डॉक्टरचा दवाखाना बंद व्हायची वेळ होत आली होती. मी हॉर्न दाबला. हलले नाहीत. परत दाबला. आणि फुटक्या आरशात बघते तर काय, दोघं म्हातारे ओंडक्याची दोन टोकं धरून, कण्हत कुंथत, तो आडवा लावत होते. वर्लिन चावलेल्या हातानेच ओढत होता.

"जरा डावीकडे," ऑर्वल म्हणाला.

वर्लिनने उजवीकडे ओढला.