जागच्या जागी

संघपालने लेंडी काडीने फोडली आणि चिमटीत धरून चुरडली. आतून ओली निघाली. म्हणजे कळप पहाटेच येऊन गेला होता. नीलगाय रोज एकाच जागी येऊन लेंड्या टाकते, त्यामुळे तिचा माग काढायला डोकं कमी आणि धीर जास्त लागतो, असं त्याने श्यामला हिंदीत समजावून सांगितलं. श्याम हा चौधरी धरमबीरांचा पुतण्या. वय तिशीचं, मान डोलवण्यात पटाईत. सकाळपासून तो मागेमागे हिंडत होता आणि प्रत्येक गोष्टीला ‘अच्छा जी’ म्हणत होता.

खुरांचे ठसे मोहरीतून निघून शेताच्या बांधाकडे गेले होते. ट्यूबवेलच्या खोलीपासून बांधापर्यंत संघपालने पावलं मोजली. एकशे दहा भरली. मूठभर धूळ सोडून त्याने वारा पाहिला. वारा बांधाकडून येत होता, तेव्हा जनावराला माणसाचा वास लागणार नव्हता. गोळी चुकलीच तर बांधाच्या मातीत जाऊन बसेल, हेही त्याने दोनदा वाकून पाहिलं. बांधापलीकडे अर्धवट बांधलेले टॉवर होते आणि त्यांच्या पायथ्याशी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. गोळीला मालक आणि मजूर कळत नाहीत, हे त्याला तीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं.

लगतच्या सहा शेतांच्या मालकांच्या सह्या त्याने दोन दिवस दारोदार फिरून गोळा केल्या होत्या. जनावर जखमी होऊन शेजारच्या रानात घुसलं तर मागे जायची परवानगी हवी. एक तुकडा बिल्डरने घेऊन ठेवला होता. तिथल्या पहारेकऱ्याला गाठून फाटकाची किल्ली मागून ठेवली. सह्या सगळ्यांनी दिल्या. पण देताना प्रत्येकजण तेच म्हणाला: बस, हमारे हाथ से न हो. नावात ‘गाय’ आहे एवढ्यावरून ही भीती, म्हणून संघपालला मनातून हसू आलं. भंडाऱ्याकडे याच जनावराला रोही म्हणतात आणि रोही पीक खातो एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं.

खरं सांगायचं तर या दोन दिवसांत तो कित्येक महिन्यांनी खुशीत होता. निमलष्करी दलातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यापासून संघपाल रामटेके दिल्लीत, द्वारकेच्या फ्लॅटमध्ये नुसता बसून होता. सोसायटीच्या फाटकाशी जरा उभा राहिला, की कुरिअरवाला पहारेकरी समजून पाकिटं त्याच्याच हातात द्यायचा. आणि इथे हरियाणातल्या या गावात त्याच्यासाठी खाट टाकली जात होती. ‘फौजी साहब’ म्हटल्याशिवाय कुणी वाक्य सुरू करत नव्हतं. वनखात्याच्या यादीत परवानाधारक नेमबाजांची सात नावं होती. त्यातून चौधरींनी त्याचंच नाव निवडलं, ही गोष्ट त्याने घरी तीनदा सांगितली होती.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

“पप्पा, एक विचारू? तिकडे तर घराघरात बंदुका असतात यार. मग तुम्हालाच का बोलावलं?”

“निशाण चांगलं आहे म्हणून,” तो म्हणाला. “तुला काय वाटलं?”

स्वेटर घातला का, असं विचारून समताने फोन ठेवला. त्याला तो आधीचा प्रश्न लागला. आपल्या मुलांना आपलं कौतुक पचत नाही, असं त्याला वाटलं.

जेवणाआधी त्याने चौधरींना परवान्यावरच्या अटी पुन्हा वाचून दाखवल्या. एकच नर मारायचा. मांस कुणी न्यायचं नाही. जनावर जमीनमालकाच्या हद्दीत खोल पुरायचं आणि वनरक्षक येऊन पंचनामा करेपर्यंत जागा सोडायची नाही. खड्डा आधीच खणून ठेवायला हवा होता, तो अजून कुठे दिसत नाही, असं त्याने बजावलं. जेसीबी सांगितला आहे का, हेही विचारलं.

“वो तो हो ही जाएगा, फौजी साहब,” चौधरी हुक्क्याची नळी बाजूला करून म्हणाले. पासष्टीचा माणूस, आवाज मऊ. तीन वर्षं हरभरा हाती लागला नाही, हे सांगताना त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

म्हणजे जेसीबी येणार, असं संघपालने समजून घेतलं, आणि चुकला तो तिथेच.

पहाटे धुकं विरळ झालं तेव्हा कळप बांध उतरून मोहरीत शिरला. चार माद्या, एक पाडस आणि मागून तो नर. निळसर राखाडी, खांद्याला उंच. मादी आडवी होती म्हणून संघपालने वाट पाहिली. ती सरकली. नराने डोकं वर केलं, आणि त्या क्षणी संघपालला वाईट वाटलं. दर पौर्णिमेला विहारात बसून प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं शील तो म्हणत आला होता आणि ते शब्द त्याला आत्ताही पाठ होते. त्याने श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

नर जागीच खाली बसला आणि कुशीवर कलंडला. पाय एकदा ताणले, मग नाही. बाकीचा कळप बांधावरून उडाला. संघपाल जवळ गेला, डोळ्याला गवताच्या काडीने स्पर्श करून खात्री केली आणि रायफल रिकामी केली. एका गोळीत झालं, एवढंच त्या जनावरासाठी करण्यासारखं होतं.

आवाज ऐकून माणसं आली. वीस-पंचवीस तरी असतील. सगळी बांधावर उभी राहिली. कुणी हात जोडले, कुणी कानाची पाळी धरली. खाली शेतात कुणी उतरलं नाही.

“जेसीबी?” संघपालने विचारलं.

श्यामने काकांकडे पाहिलं. चौधरी हळूहळू उतरले, पण दहा पावलांवर थांबले. त्यांच्या हातात नवा सुती दोर होता. तो त्यांनी हातात दिला नाही. तिथेच जमिनीवर ठेवला आणि मागे सरकले.

“नाले तक खींच दो, फौजी साहब. चार सौ कदम होगा. वहाँ मिट्टी डाल देना.”

“मैं खींचूँ?”

“हमारे यहाँ तो कोई छुएगा नहीं,” चौधरी समजुतीने म्हणाले. त्यांच्या आवाजात खोट नव्हती, कुचेष्टा नव्हती. “पहले जो उठाते थे, वो भी अब मना करते हैं. आपको तो आता ही होगा. लिस्ट में नाम पढ़ा था, तभी तय कर लिया था.”

खाट, चहा, फौजी साहब, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर एका ओळीत उभं राहिलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. पोरीने विचारलं होतं. पोरीला कळलं होतं.

त्याने आयुष्यात असा दोर हातात धरला नव्हता. न धरण्यासाठीच तर सगळं झालं होतं. धम्म घेतल्याच्या वर्षी त्याच्या आजोबांनी पाटलाचा मेलेला बैल ओढायला नकार दिला होता. बैल दोन दिवस गोठ्यात सडला, तिसऱ्या दिवशी गावाने वस्तीचं पाणी तोडलं. बाबुराव, त्याचे वडील, तेव्हा चौदा वर्षांचे होते. द्वारकेच्या फ्लॅटमध्ये आज ते नव्वदीकडे झुकले होते. खूप गोष्टी विसरले होते, पण ही नाही.

गाडीत बसून निघून जावं, असं त्याच्या मनात आलं. अगदी किल्ली खिशात चाचपेपर्यंत आलं. पण बांधाच्या टोकाला चार कुत्री येऊन बसली होती आणि जनावर त्याने मारलं होतं, दुसऱ्या कुणी नाही.

तो ट्यूबवेलच्या खोलीत गेला आणि फावडं घेऊन परत आला. दोराकडे त्याने पाहिलंही नाही. नर पडला होता तिथेच, त्याच्या पाठीला लागून, त्याने मोहरीची रोपं उपटायला सुरुवात केली.

“यहाँ नहीं!” चौधरींचा आवाज पहिल्यांदा चढला. “खेत के बीचोबीच? कल को हल कैसे चलेगा इसके ऊपर?”

“कागद में लिखा है, मालिक की ज़मीन में,” संघपाल न थांबता म्हणाला. “ज़मीन आपकी है. गाय भी आप ही कहते हैं.”

चौधरी मागे फिरून बांधावर चढले. श्याम मदतीला दोन पावलं उतरला. त्याने पायातले बूटही काढले होते. काकांनी नुसतं “श्याम” म्हटलं आणि तो बूट हातात घेऊन तिथेच बसला. थोड्या वेळाने माणसं पांगली. मग श्यामही गेला.

माती भुसभुशीत होती, तरी छप्पन्न वर्षांच्या पाठीला ती जड जात होती. दहा वाजता खड्डा गुडघ्याएवढा झाला. तळहाताला फोड आले, फुटले, फावड्याचा दांडा चिकट झाला. कुत्री जवळ सरकली की तो ढेकूळ मारायचा. दुपारी एकदा तो खड्ड्यातच बसला आणि बाटलीतलं उरलेलं पाणी प्यायला. पाणी विचारायला कुणी आलं नाही. आपण शेवटी त्यांचंच काम करतो आहोत, हे त्याला पुरतं कळत होतं. तरी तो उठला.

खड्डा छातीएवढा झाल्यावर त्याने नराला खांदा लावला. पाच-सहा मणांचा देह, जरासुद्धा हलला नाही. त्याने पुन्हा जोर लावला आणि तोंडावर आपटला. मातीत तसंच पडून त्याने श्वास घेतला. दोर दहा पावलांवर होता. पायांना एक गाठ मारली असती, खड्ड्याच्या पलीकडून पायावर जोर देऊन ओढलं असतं, तर पाच मिनिटांत सुटका होती. पाहायलाही कुणी नव्हतं.

तो उठून परत खड्ड्यात उतरला. नराच्या बाजूची भिंत त्याने तळातून पोखरायला घेतली, थोडी थोडी, स्वतःचं अंग पलीकडच्या बाजूला ठेवून. तासभर लागला. मग वरची माती भेगाळली, संघपाल पलीकडच्या काठाला धरून बाहेर पडला आणि तो मोठा निळा देह स्वतःच्या भाराने सावकाश आत उतरला. एक शिंग तेवढं वर राहिलं होतं. त्याने ते हाताने सारखं केलं.

चार वाजता वनरक्षक मोटारसायकलवरून आला. खड्ड्यात डोकावून त्याने फोटो काढले, अंतर मोजलं, सह्यांचे कागद तपासले. चौधरी लांब, बांधावर उभे होते. वनरक्षकाने पंचनाम्याचा कागद मांडीवर घेतला आणि वर न पाहता विचारलं:

“यहाँ तक किसने खींचा? नाम बोलिए.”

“किसी ने नहीं,” संघपाल म्हणाला. “लिखिए.”