भुऱ्याचा कोपरा

एकाहत्तरची लढाई संपली आणि पंधरा दिवसांत आमच्या लष्करी वर्कशॉपच्या साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी भिंगारमधल्या माझ्या घरी एक खोकं पाठवलं. आत कुत्र्याचं पिल्लू, अंगभर दाट भुरी लोकर, एक डोळा निळा आणि एक तपकिरी. जात हस्की, बर्फातली. मी वर्कशॉपातला सुतार. साहेबांच्या सामानाच्या पेट्या मी बनवल्या, त्या त्यांना आवडल्या, म्हणून हे बक्षीस. घड्याळ दिलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं.

पण खरं सांगतो, पहिल्याच दिवशी पिल्लानं माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि मी कामातून गेलो. एकुलती एक लेक सासरी जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात मी आणि माझी बायको छबू, आणि आमचं बोलणं म्हणजे आमटीत मीठ पडलं का, एवढंच. मला ते पिल्लू हवं होतं. मी त्याचं नाव भुऱ्या ठेवलं.

छबूनं मात्र पहिल्याच दिवशी बजावलं. "घरात घाण केली तर भोगीला पुंजारामदादा येईल त्याच्यासंगं सोनईला धाडीन. तिथं मळा राखंल." पुंजाराम तिचा थोरला भाऊ. दर वर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, मळ्यातला ऊस, हरभरा, बोरं घेऊन यायचा. यंदा कुत्र्यासाठी दावंही आण, असा निरोप छबूनं त्याला धाडलासुद्धा. हातात दहा दिवस होते.

साहेबांनी रीत सांगितली होती. खाऊन झालं की बाहेर न्यायचं. बाहेर उरकलं की शाबास म्हणायचं. आत केलं तर मारायचं नाही. सोपं वाटलं. मी भुऱ्याला परसातल्या लिंबाखाली नेऊन अर्धा अर्धा तास उभा राहायचो. तो मुंग्या बघायचा, वास घ्यायचा, मान वर करून लांब गळा काढायचा. शेजारपाजारचे म्हणायचे, कुत्रं रडतंय, चांगलं लक्षण नव्हे. मग मी हरून आत यायचो आणि हा पठ्ठ्या तडक धान्याच्या कणगीजवळच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. रोज तोच कोपरा.

छबू पुटपुटत उठायची, कोपरा धुवायची आणि लगेच ताज्या शेणानं सारवून टाकायची. तिचं सारवण म्हणजे काय विचारता. एका हाताची कमान उमटायची, तिच्या शेजारी दुसरी, कुठं म्हणून जोड दिसायचा नाही. घर शुद्ध झालं की ती बादली बाजूला ठेवायची, आणि तासाभरात भुऱ्या पुन्हा तिथंच हजर.

माझं डोकं चालेना. याला ऐकू येत नाही का? थंडी बाधते का? निळ्या डोळ्याला आतबाहेर उलटं दिसत असेल, इथपर्यंत माझी मजल गेली.

त्यात एक दिवस शेजारच्या जरीनाभाभींनी त्याला दुपारभर सांभाळलं. संध्याकाळी म्हणाल्या, "भाऊ, एक थेंब नाय सांडला. दोनदा स्वतःच दाराशी गेला."

मला रागच आला. मी त्याला भाकरी कुस्करून घालायची, आणि शहाणपण यानं त्यांच्या घरी दाखवायचं. त्यांच्या घरी शहाबादी फरशी होती, पाण्यानं पुसलेली, लखलखीत. ती मी डोळ्यांनी पाहिली आणि तरी निष्कर्ष काय काढला, तर भाभी त्याला मटणाचा रस्सा घालत असणार. घरी येऊन छबूला म्हटलं, आपणही घालून बघू. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला घालून बाहेर पडलो.

भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी छबू सणाचं सारवायला बसली. भुऱ्या तिच्या मागं मागं. तिनं हात फिरवला, पुढं सरकली, आणि त्या ओल्या कमानीवर तो निवांत उरकायला बसला. मला वाटलं, झालं, आता हा गेलाच. पण छबू ओरडली नाही. तिनं भुऱ्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, मग स्वतःचा हात नाकाशी नेला.

"आवं," ती हळूच म्हणाली, "ह्यो आपल्या घराला गोठा समजतोय. गायीचा वास आला की त्याला वाटतंय, हितंच करायचं. मीच रोज त्याला जागा दावत हुते."

ती लगेच बादली उचलून परसात गेली आणि सगळं शेण लिंबाखाली ओतून आली. मग दिवसभर साध्या पाण्यानं जमीन पुशीत राहिली. कुत्र्यापायी ही सणाचं सारवण सोडेल असं मला वाटेना; तिची तब्येत बिघडली की ती माझ्यावर चिडली, काही कळेना. विचारायची छाती झाली नाही.

भोगीची सकाळ उजाडली. लग्न होऊन आल्यापासून सणाला छबूनं सारवलं नाही असं कधी झालं नव्हतं. आज जमीन कोरडी, फिकट, जागोजाग खपल्या निघालेली. दारात शेणाचा सडा नाही, सड्याशिवाय रांगोळीही नाही. भुऱ्यानं कोपरा हुंगला, गोंधळून दोन गिरक्या घेतल्या आणि परसात पळाला. मी मागं धावलो. लिंबाखाली, बरोबर शेणाच्या जागी, त्यानं उरकलं. मी मोठ्यानं शाबास ओरडलो. त्यानंही मान वर करून मोठा गळा काढला.

तेवढ्यात पुढच्या दारातून पुंजारामचा आवाज आला. मी परसदारी येऊन पाहतो तर तो उंबऱ्याबाहेर उभा, खांद्यावर ऊस, हातात दावं, चेहरा पांढराफटक.

"छबे, सणाचा दारात सडा न्हाई. आत सारवन न्हाई. मागं कुत्रं रडतंय." तो उंबऱ्यावरूनच आत डोकावला. "कसलं सुतक आलंय? दाजी कुठं हायती?"

"दाजी चांगले हायती," छबू म्हणाली. "सुतक न्हाई दादा. घरात पोर आलंय, सोयर हाय असं समज."

तो तिच्या पिकल्या केसांकडे बघत राहिला. तिनं त्याच्या खांद्यावरचा ऊस उतरवून घेतला आणि भिंतीला टेकवला.

"आत ये, च्या घे," ती म्हणाली. "दावं तेवढं परत ने."