तिच्या वाट्याचा शब्द

“ऑफ्-थॅल्-मॉ-ल-जी. पाच तुकडे, पाच ठोके. हं, म्हण.” दत्तात्रेयरावांनी मेजावर बोटाने ठोके दिले.

“ऑफ्... थॅ... थॅ...” श्रीलक्ष्मीची जीभ दातांमागे रुतली.

“मॉलजी!” दत्तात्रेयरावांना राहवले नाही.

“अप्पा, माझा घास होता की हो तो!”

“दुसऱ्याच्या ताटातलं उचलायची खोडच आहे त्यांची,” चहा गाळता गाळता आई, कुसुमावती, म्हणाली.

दत्तात्रेयरावांनी धारवाडच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शब्द फोडून शिकवले. त्यांच्या ठोक्यांवर अडखळणारी मुले बोलती झाली. घरची मुलगी मात्र पंचविशी उलटली तरी अडखळतच राहिली, कारण तिच्या प्रत्येक शब्दाचा शेवट वडीलच उच्चारून मोकळे होत. आज हुबळीतल्या एका मोठ्या दवाखान्यात, चौकशीच्या खिडकीवर, तिची कसोटी होती. दिवस निभावला तर नोकरी.

“तुम्ही येऊ नका,” असे बजावून ती धारवाडजवळच्या केलगेरीहून निघाली. ते घरात तीनदा उठले, तीनदा बसले, आणि मागच्याच बसने हुबळीत, दवाखान्याजवळच्या लॅमिंग्टन रोडला उतरले.

दवाखान्यात ते खांबाआड उभे राहिले. खिडकीशी एक म्हातारा डोळे चोळीत होता.

“तंगी,” कानडीत धाकट्या बहिणीला मारावी तशी त्याने हाक मारली, “डोळे दाखवायचे हाईत. फळीवर समदं इंग्रजीच लिवलंय. डोळ्यांच्या इभागाचं नाव सांग, इचारत जातो.”

“ऑफ्... थॅल्...”

शब्द थांबला. रांग चुळबुळली. मागून कुणीतरी कुजबुजले, “हिलाच डॉक्टरला दाखवा की आधी!” शेजारी बसलेल्या मुख्य कारकून मनीषाबाईंनी तोंड उघडले. श्रीलक्ष्मीने पंजा उभारला.

“थांबा मॅडम. मीच सांगते.”

दत्तात्रेयरावांचे बोट नकळत खांबावर पडू लागले होते. ओठांनी पुढल्या अक्षराचा आकार धरलाच होता. तेवढ्यात तिची नजर त्यांच्यावर गेली. चेहरा लाल, पण आवाज शांत.

“अप्पा, तुम्ही पण थांबा.”

ते वळले आणि, शब्द पुरा होण्याची वाट न पाहता, झपाझप पायऱ्या उतरून रस्त्यावर आले.

“सर, चिक्कू देऊ? लई गोड हाईत बगा!” गाडीवाल्याने हाक दिली.

त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. ते उघडले असते, तर उरलेले तीन तुकडे बाहेर सांडले असते. घासाघीस समजून गाडीवाला भाव कमी करीत गेला. ते नुसती मान हलवीत उभे राहिले.