गर्डरची वरची बाजू

राहुरीत माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. नवा गर्डर बसवला की पहिलं वजन उचलताना आपण स्वतः त्याच्याखाली उभं राहायचं, हा माझा अठ्ठावीस वर्षांचा नेम. गिऱ्हाईक नारळ फोडतं, मी खाली उभा राहतो. कल्याण नावाच्या गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टर गॅरेजातही तसाच उभा होतो. तीस फुटांचा गर्डर, दोन टोकांना खांब, मधोमध वरून साखळी गुंडाळून इंजिन उचलायचा चेन ब्लॉक टांगलेला. इंजिन हातभर वर आलं आणि गर्डर एकदम कुशीवर वळायला लागला. खाली वाकला नाही, बाजूला सरकला आणि पिळला. कल्याण ओरडला, "छगनभाऊ, सरका!" मी कसा बाजूला झालो ते माझं मलाच माहीत.

इंजिन खाली घेतलं, तसा गर्डर पुन्हा सरळ झाला. टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणून पाहिली, बाक राहिला नव्हता. मग मला राग आला. गर्डरचा, कल्याणचा, नारळ विकणाऱ्याचासुद्धा.

"खालून अजून एक जाड पट्टी मारतो," मी म्हणालो.

माझी मुलगी ज्ञानेश्वरी डबा घेऊन आली होती. ती पुण्यात सिव्हिल इंजिनियर आहे, चार दिवसांच्या सुट्टीवर आलेली. "अप्पा, खालून नको," ती म्हणाली. "वरून मजबूत करा."

"पोट खाली सुटतं, तर आधार खालूनच द्यायचा. शेंबड्या पोराला बी कळतं ते!"

तिने माझी दोन फुटी स्टीलची पट्टी घेतली, दोन विटांवर कडेवर उभी केली, टोकं कल्याणला धरायला लावली. म्हणाली, "मधोमध दाबा." मी दाबली. पट्टी खाली गेलीच नाही, बाजूला पळाली आणि पिळली. मग तिने वरच्या कडेला दोन्हीकडून बोटं लावली. मी तेवढाच जोर दिला. पट्टी जागची हलली नाही.

"वजन आलं की वरची कड दाबली जाते," ती म्हणाली. "खाली वाकणं तिला जड जातं, म्हणून ती बाजूला पळते. तिला तिथंच धरायचं."

मी डबा उघडून भाकरी खाल्ली. पोरीवर चिडलो होतो, पण माझ्याच हाताला जे जाणवलं त्याला खोटं कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी गर्डरवर पूर्ण लांबीचा, पन्हळीसारखा लोखंडी चॅनेल पालथा घालून वेल्ड केला आणि वरची बाजू दोन ठिकाणी अँगलने गॅरेजच्या छताच्या खांबांना बांधली. इंजिन उचललं. गर्डर दोरीपासून केसभरही हलला नाही. कल्याणने शिट्टी मारली, ज्ञानेश्वरी हसली, आणि मला माझे जुने गर्डर आठवले.

एवढे लांब असे सात गर्डर मी आजवर बसवले होते. सगळ्यांना पट्टी खालूनच. अजून कुठे काही झालं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, मन म्हणालं. पण मी खाली उभा राहिलो होतो, म्हणून तर तिथली माणसं बिनघोर खाली उभी राहत होती. मला भीती वाटली, आणि स्वतःची लाजही.

तडक मोटारसायकल काढली. ज्ञानेश्वरी मागे बसली. कोल्हारच्या मच्छिंद्रचं गॅरेज सगळ्यात जवळ. तिथे इंजिन टांगलेलं होतं आणि खाली दोन मिस्त्री वाकलेले.

"मच्छिंद्र, आधी मान्सं बाहेर काढ, मग इंजिन खाली घे," मी म्हणालो. "माझ्या गर्डरात चूक हाय."

इंजिन खाली आलं आणि तो भडकला. "पाच वर्सं माझी मान्सं ह्याच्याखाली राबत्यात, आन् तुमी आज सांगता व्हय?"

त्याचं खरं होतं. ज्ञानेश्वरी टेप घेऊन शिडीवर चढली, मापं घेऊ लागली. बोलता बोलता मच्छिंद्र शिडीजवळ गेला आणि त्याने ती खालून घट्ट धरली.

"बाकीच्यांला सांगितलं का?" त्याने विचारलं.

"न्हाई. तू पयला."

त्याचा आवाज उतरला. त्याने मोबाईल काढला. "नंबर द्या. मी सांगतो त्यांला. तुमाला जड जाईल."

"जाऊ दे जड," मी म्हणालो, आणि पुढचं गिऱ्हाईक, पारनेरचा समर्थ, त्याला स्वतः फोन लावला.