सोफ्याखालची जलवाहिनी

अम्मानच्या त्या टेकडीवर नळाला पाणी यायचं मंगळवारी, तेही लहर आली तर. जुनी जलवाहिनी बदला म्हणून नऊ वर्षं सगळ्यांत जास्त अर्ज खरडले ते अबू सफवाननं. त्यामुळे मोजणीवाली रुबा तिपाई रोवून गल्लीत उभी राहिली, तेव्हा पहिला चहा त्याच्याच घरून गेला.

दुपारी त्याला त्या चहाचा पश्चात्ताप झाला. रस्त्याची हद्द आणि त्याखालच्या जलवाहिनीची जागा दाखवणारी लाल रेघ गल्ली चढत आली आणि थेट त्याच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर चढली. वीस वर्षांत ते घर सुखवस्तू माणसाच्या पोटासारखं दरसाल वीतभर पुढे आलं होतं. त्यानं सौम्यपणे विचारलं, की जलवाहिनी नेमकी त्याच्याच सोफ्याखाली कशी गेली?

"ती कुठं गेली नाही, काका," रुबा म्हणाली. "सोफा आलाय."

वाद घालतात ते ज्यांना नातेवाईक नसतात. अबू सफवाननं सात पांढऱ्या दाढ्या जमवल्या, निवृत्त न्यायाधीशांना पुढे घातलं, आणि शुक्रवारी ही जाहा, म्हणजे शब्द मागायला जाणारी वडीलधाऱ्यांची मंडळी, रुबाच्या वडलांच्या दारात नेली. कॉफी आली. न्यायाधीशांनी पेला न पिताच समोर ठेवला. मागणं मान्य झाल्याखेरीज तो ओठाला लागत नाही, आणि अशा पाहुण्यांना तसंच उठवणाऱ्या घराशी कुणी सोयरीक करत नाही.

"तुमच्या लेकीची जलवाहिनी अबू सफवानच्या घराकडे फिरकू नये," न्यायाधीश म्हणाले. "एवढंच मागणं."

वडलांना जलवाहिनीतलं ओ की ठो कळत नव्हतं. रिवाज मात्र कळत होता. शब्द दिला, कॉफी प्या, असं ते म्हणाले. रुबानं ते मागणं वहीत तारखेसकट उतरवून घेतलं. सातांपैकी एक दाढी तिच्या साहेबांच्या मामांची निघाली, म्हणून कचेरीची मंजुरीही आठवड्यात आली.

नवी वाहिनी अबू सफवानच्या घराअलीकडे शहाण्यासारखी वळली आणि मागच्या गल्लीतून वर गेली. जुनी बंद झाली. मंगळवारी टेकडीभर गच्चीवरच्या टाक्या ओसंडल्या. त्याच्या नळानं फक्त सुस्कारा टाकला.

तो धावत रुबाकडे गेला. तिनं वही दाखवली. "बाबांनी दिलेला शब्द मी मोडू, काका?"

आता दुसरी जाहा हवी होती. पण एका दाढीला सर्दी झाली होती, दुसरीला लग्नाला जायचं होतं, आणि उरलेल्या अंघोळीला बसल्या होत्या. शेवटी तो एकटाच न्यायाधीशांकडे गेला. ते अंगणाला पाणी मारत होते. कॉफी आली. अबू सफवाननं रिवाजाप्रमाणे पेला समोर ठेवला आणि वाट पाहिली.

न्यायाधीशांनी निवांत सगळं अंगण धुऊन काढलं. मग पेल्याकडे पाहिलं.

"निवली वाटतं," ते म्हणाले. "राहू दे. भिंत मागं घे, सोफा उचल, मग ताजी करू. पाणी आहे आता."